मोंतेरावो नावाची सवत

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेखा ताटाला पाठीमागून सुरळीच्या वड्यांचं पीठ फासत होती. तेवढ्यात स्टडीतून हसण्याचा आवाज आला, आधी जोआनाचा आणि मग गिरीशचा. गिरीशचं हसणं तर पोटातून आलेलं.

"काय झालं गं त्यांना?" रेखानं विचारलं.

"मला काय कळतंय?" चारुता कोथिंबीर चिरता चिरता म्हणाली. "इटालियनमध्ये हसतायत."

रेखानं पुढचं ताट ओढलं. पीठ जरा जाड झालं होतं आणि कडेला गुठळ्या दिसत होत्या. एरवी तिनं ते पुन्हा केलं असतं. आज तसंच फासलं.

अनीशनं जोआनाशी लग्न केलं तेव्हा रेखाला वाटलं होतं की सून परकी आली, आता मुलगा थोडा दूर जाणार. मुलगा कुठं गेला नाही. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीहून दर शनिवारी आईला फोन करत राहिला. गेला तो नवरा, गिरीश. लग्नानंतर सगळे मिळून जोआनाच्या पूर्वजांची, म्हणजे तिच्या वडिलांच्या वडिलांची भूमी बघायला इटलीला गेले होते. आपेनाइन डोंगरात, चेस्टनटच्या रानात टेकलेलं मोंतेरावो. शंभरेक घरं, निम्म्यांना कुलपं. तिथं चौकातल्या बाकावर असुन्ता नावाची एक म्हातारी बसली होती. गिरीशकडे बघून ती एकदम म्हणाली, "चल चल! पाणी पी!"

दुसऱ्या महायुद्धात मराठी पलटणीचे शिपाई तो डोंगर चढून आले होते, तेव्हा असुन्ता सात-आठ वर्षांची होती. त्यांच्याकडून उचललेले हे चार शब्द तिनं जन्मभर सांभाळले होते. गिरीश तिच्यासमोर दगडावर बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. अमेरिकेत केरीला घरी परत आल्यावर त्या निवृत्त डॉक्टरनं इटालियन शिकायला घेतलं. मग असुन्ताशी दर रविवारी व्हिडिओवर गप्पा, आणि त्या गप्पांमध्ये काय निघालं ते सांगायला लगेच जोआनाला फोन. सगळं स्पीकरवर, कारण डाव्या कानानं कमी ऐकू येतं. बघता बघता मोंतेरावोच्या इतिहासाचं पुस्तकच तयार झालं.

"लोकांच्या नवऱ्यांना म्हातारपणी बागेचा नाद लागतो, देवाचा लागतो," रेखा म्हणाली. "फार तर एखाद्या बाईचा. बाई असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. ही कसली सवत? अख्खं गाव!"

चारुता हसली नाही. "आई, त्यांना एप्रिलमध्ये बोलावलंय ना? किती दिवस?"

"ऑक्टोबरपर्यंत म्हणतायत. मेयर मानाचं नागरिकत्व देणारेत म्हणे. मला काल विचारलं, तू येशीलच ना? कॉस्टकोला सामान आणायला येतेस का विचारावं तसं."

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही म्हणाले. पंचविशीत एकदा विचारलं होतं, अमेरिकेला येशील ना, तेव्हाही काही म्हणाले नव्हते. आले." रेखानं सुरी उचलली आणि फासलेल्या पिठावर सरळ रेघा मारल्या. "दर वेळी मीच का यायचं?"

चारुतानं कोथिंबीर पुन्हा चिरायला घेतली. ती आईबाबांच्या घरापासून पंधरा मिनिटांवर राहत होती. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा सुट्टी काढून तीच घेऊन गेली होती. परत येताना डोळ्याला पट्टी आणि बाबा फोनवर, "जोआना, काल असुन्ता काय म्हणाली सांगू?" त्या दिवशी चारुतानं रस्त्यावरचे दोन सिग्नल नीट पाहिलेच नव्हते.

*

जोआनाचे वडील कार्लो पिट्सबर्गहून गाडी चालवत आले होते. आयुष्यभर घरांवर छपरं घालण्याचं काम केलेला माणूस. हात फावड्यासारखे, आवाज बारीक. बायको गेल्यापासून बोलणं आणखी कमी झालेलं. रेखाच्या हातचं मात्र ते मनापासून खायचे. जेवायला बसताच वड्यांची ताटली त्यांनी स्वतःसमोर ओढून घेतली होती.

"कार्लो," गिरीशनं विचारलं, "तुमच्या घरी चेस्टनटच्या पिठाचं काय करायचे?"

"पॅनकेक."

"नाही, पॅनकेक नाही. मोंतेरावोला ते दोन तापलेल्या दगडी तव्यांमध्ये, चेस्टनटची पानं घालून—"

"माझ्या आईनं पॅनकेक केले, डॉक," कार्लो म्हणाले. "पिट्सबर्गच्या किचनमध्ये. मी खाल्लेत."

चारुतानं मान वर केली. कार्लोंच्या चेहऱ्यावर तिला आपलाच चेहरा दिसला. दर रविवारी संध्याकाळी जोआना यांना फोन करत असणार, 'डॅड, तुला माहीत होतं का?' म्हणून. आणि यांना माहीत नसणार.

"बाबा, एप्रिलचं सांगा ना," जोआना म्हणाली. ती गिरीशला बाबाच म्हणायची. उच्चार अगदी स्वच्छ. चारुतानं तिला तो कधी शिकवला नव्हता.

गिरीशनं सांगितलं. चौकात समारंभ, पुस्तकाचं वाचन, इटालियनमधलं वाचन जोआना करणार. चर्चच्या मागच्या गल्लीतलं एक घरही ठरवून टाकलं होतं.

"ठरवून टाकलं?" रेखा म्हणाली.

"अगं, म्हणजे अॅडव्हान्समध्ये सांगावं लागतं."

"बाबा," चारुता म्हणाली, "आरोहीचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम मेमध्ये आहे. आज नकुल लेकीला रिहर्सललाच घेऊन गेलाय. तुम्हाला दोनदा सांगितलंय मी."

गिरीशचा चमचा थांबला. तो विसरला होता, आणि ते लपवता येत नव्हतं. "अरे हो! येईन ना मी त्याला. मध्ये येऊन जाईन."

"डोन्ट वरी, ताई," जोआना मायेनं म्हणाली. "वी विल वर्क अराउंड इट. मी बाबांचं सगळं शेड्यूल बघतेय."

तो 'वी' चारुताच्या डोक्यात गेला. माझ्या बाबांना माझ्या मुलीच्या कार्यक्रमाला आणण्याची सोय ही करणार. मिनेसोटात बसून.

महिन्यापूर्वी बाबांच्या पुस्तकात फोटो बसवून देताना तिनं सातवं प्रकरण वाचलं होतं. अर्धंच वाचलं, कारण पुढं वाचवलं नाही. तेव्हा तिनं ठरवलं होतं की हे आपलं काम नाही, बाबा योग्य वेळी सांगतील.

"कार्लो," ती इंग्रजीत म्हणाली, "बाबांनी तुम्हाला सातव्या प्रकरणाबद्दल सांगितलं का?"

"चारू," गिरीश म्हणाला. "आत्ता नको."

"का? एप्रिलमध्ये चौकात वाचणार, मग यांना आत्ता कळायला नको? ते तुमच्या वडिलांबद्दल आहे, कार्लो. एलिओबद्दल. युद्धात गावातली माणसं वर रानात लपली होती. जर्मनांना तिथपर्यंत त्यांनी नेलं. अकरा माणसं मारली गेली. गाव नंतर तुमच्या घराशी बोलायचं बंद झालं, म्हणून तुम्ही लोक अमेरिकेत आलात."

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपल्या आवाजात आनंद होता.

जोआनाला धक्का बसला नव्हता; ती फक्त वडिलांकडे बघत होती, म्हणजे तिला ठाऊक होतं. कार्लोंनीही ते पाहिलं. त्यांनी नॅपकिनची घडी घातली, ती ताटाशेजारी ठेवली आणि उठून मागच्या लाकडी डेकवर निघून गेले. जाळीचं दार आपोआप लागलं.

"व्हॉट द हेल, ताई?" अनीश ओरडला. "वेड लागलंय का तुला?"

जोआना उठू लागली. तेवढ्यात रेखानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू बस. मी जाते."

"मम्मी, आय शुड—"

"तू नको जाऊस. तुला माहीत होतं, आता ते तुझ्याशी बोलणार नाहीत. मला कुणी काही सांगत नाही, हे त्यांना माहितीये."

*

डेकवर पाइनच्या सुया पडल्या होत्या. कार्लो कठड्याला धरून उभे होते. रेखा आली तेव्हा त्यांना वाटलं, आता ही चहा विचारेल. तिनं विचारलं नाही. एक खुर्ची झटकली आणि बसली.

"सॉरी म्हणायला आले नाही मी," ती म्हणाली. तिचं इंग्रजी इतक्या वर्षांनंतरही सरळसोट होतं. "माझी मुलगी चुकली. पण तिनं अर्धंच सांगितलं. पुढचं ऐकायचंय का?"

"तुमच्या नवऱ्याकडून?"

"माझ्याकडून. तीन वर्षं दर रविवारी ते स्पीकरवर तुमच्या मुलीला इंग्रजीत सांगतात. भिंतीपलीकडे मी कपड्यांच्या घड्या घालते. ऐकायचं नाही असं ठरवून ऐकते." तिनं खुर्चीच्या हातावरची एक सुई झटकली. "आपलं माणूस दुसऱ्याशी तासभर काय बोलतं, हे ऐकल्याशिवाय राहवतं का?"

कार्लोंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "नाही राहवत," ते म्हणाले. आणि बसले.

"तुमचे वडील चौदा वर्षांचे होते. घरी खेचर होतं, वर चेस्टनट वाळवायच्या खोपटांपर्यंत ओझी नेण्याचं काम. गाव तिथंच लपलेलं. जर्मन आले, त्यांनी तुमच्या आजीला भिंतीशी उभं केलं आणि पोराला म्हणाले, वाट दाखव. दाखवली त्यानं. पण जवळची नाही. दगडाच्या खाणीवरून जाणारी, लांबची. आणि चढभर खेचराला शिव्या घालत गेला. नाव घेऊन, ओरडून ओरडून. जर्मनांना वाटलं, जनावर अडतंय. वरच्या लोकांनी आवाज ओळखला. एलिओ या वाटेनं कधी येत नाही, आणि जनावराला कधी ओरडत नाही. पळाले सगळे. ज्यांना पळता येत नव्हतं ते राहिले. म्हातारे, आजारी. ते अकरा."

"मग गाव बोलायचं का थांबलं?"

"ज्यांची माणसं गेली ती म्हणाली, यानंच नेलं. आणि जी वाचली ती गप्प बसली. काय बोलणार? तुमची मेली, माझी वाचली, असं कोण कुणाच्या तोंडावर सांगणार? असुन्ता वाचलेल्यांतली. ती म्हणते, आता कुणाच्या तोंडावर सांगायचं उरलंच नाही, म्हणून सांगते."

शेजारच्या घरात कुणीतरी पानं उडवायचा लीफ ब्लोअर सुरू केला, बंद केला.

"आमचं घर चढावर होतं," कार्लो शेवटी म्हणाले. "तो चढ आला की बाप गाडीला शिव्या घालायचा. मोठ्यानं, खिडकी उघडून. आम्ही पोरं मागं बसून हसायचो. शेजारी हसायचे. मी एकदा म्हणालो, पॉप, लाज वाटते. त्यानंतर तो मला घेऊन त्या रस्त्यानं कधी गेला नाही."

त्यांनी दोन्ही फावड्यांसारख्या हातांनी तोंड झाकलं. रेखा तिथंच बसून राहिली. उगाच पाठीवरून हात फिरवायला गेली नाही.

*

आत गिरीश टेबलाच्या टोकाला बसला होता. दाराच्या जाळीतून त्याला बायकोची पाठ दिसत होती.

जोआना चारुतासमोर येऊन उभी राहिली. "ताई, राग माझ्यावर होता ना? मग माझ्या डॅडवर का काढलास?"

चारुतानं कार्लोंनी घडी घातलेला नॅपकिन उचलला आणि परत ठेवला.

"माझे डॅड घरी बोलत नाहीत," जोआना म्हणाली. "कधीच नाही बोलले. मला पहिल्यांदा कुणीतरी भेटलं जे तासभर बोलतं. तुझ्याकडे ते कायम आहेत. यू हॅव हिम एव्हरी वीक. मला जेलसी वाटत नसेल का?"

"मी त्यांना गाडीतून नेते-आणते, जोआना," चारुता म्हणाली. "तुझ्याशी ते बोलतात." मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्हाला परक्यांच्या गावातली खेचरं माहितीयेत. आपल्या गावाबद्दल, हेळवण्याबद्दल, एक पान तरी लिहिलंत? मी कॉलेजात असताना म्हणाले, आपण जाऊ. तुम्ही म्हणालात, बघायचं काय तिथं, पाणी? विषय संपला. मला माझं गाव कुठून मिळणार होतं? मलाही इटालियनच शिकायला हवं होतं का?"

"ताई, पुरे," अनीश म्हणाला.

"नाही, बोलू दे तिला." गिरीशनं चष्मा काढला. कोयनेचं धरण झालं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. हेळवणे आता जलाशयाच्या तळाशी होतं, एवढंच मुलांना ठाऊक होतं. त्यापुढचं त्यानं रेखालाही तुकड्यातुकड्यानं सांगितलं होतं.

"तुमचे आजोबा हेळवण्याला मास्तर होते," तो म्हणाला. "साहेब लोक जीप घेऊन आले की गाव आधी मास्तरांकडे बघायचं. म्हातारी माणसं म्हणाली, आम्ही हलणार नाही, बुडवा आम्हाला. माझे वडील घराघरांत गेले. सांगितलं, सरकार आपलं आहे, फसवणार नाही, वर डोंगर सोडून खाली चांगली जमीन मिळेल. लोकांनी ऐकलं. मास्तरांचा शब्द होता ना. दारं-चौकटी काढून बैलगाडीवर घातल्या आणि निघालो. सोलापूरकडच्या माळावर नेऊन सोडलं आम्हाला. तिथं पाणी नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात गावातली चार म्हातारी माणसं गेली."

अनीश खुर्चीवर बसला.

"लोक म्हणायचे, गाव धरणानं नाही बुडवलं, मास्तरानं बुडवलं. आमच्या घरचं कुणी पाणी पीत नसे. शाळेत माझ्या शेजारी कुणी बसत नसे. वडिलांनी एकदाही कुणाला उलटून उत्तर दिलं नाही. मी मात्र रोज शाळेतून येताना उत्तरं तयार करायचो. ती द्यायला मला कुणी भेटलं नाही." त्यानं चष्मा पुसला. पुन्हा घातला नाही. "असुन्तानं एलिओचं सांगितलं तेव्हा मला वाटलं, या पोराच्या बाजूनं बोलायला निदान एक बाई जिवंत आहे. आपल्या बाजूनं कोण आहे? मीच. आणि मी मुलगा. मुलाच्या साक्षीला कोण विचारतं?"

चारुता त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. तिला रडायचं होतं आणि भांडायचंही होतं. त्यातलं भांडणच आधी बाहेर आलं. "मी विचारलं असतं, बाबा. तुम्ही मला सांगितलंच नाहीत. तिला सांगितलंत का?"

"नाही," जोआनाच म्हणाली. "मला पण आत्ताच कळतंय."

हे ऐकून चारुताला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली. तिनं जोआनाकडे पाहिलं. "आय ॲम सॉरी," ती म्हणाली. "तुझ्या डॅडना मी स्वतः सांगेन."

"सांग," जोआना म्हणाली. "मला आज लगेच ओके म्हणता येणार नाही, ताई."

"नको म्हणूस."

*

जाळीचं दार उघडलं. कार्लोंचे डोळे लाल होते. रेखा त्यांच्या मागून आली. तिच्या केसांत पाइनची एक सुई अडकली होती.

चारुता उठून पुढं गेली. "कार्लो, मी फार वाईट वागले."

"हो," कार्लो म्हणाले. "वागलीस." मग त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "पण या घरात तूच मला सांगितलंस. बाकीचे माझी काळजी करत होते." त्यांनी लेकीकडे पाहिलं. जोआनानं मान खाली घातली. ते तिच्याजवळ गेले आणि तिच्या केसांवर हात ठेवून तिथंच उभे राहिले.

"मी आज जेवणानंतर सांगणार होतो, कार्लो," गिरीश म्हणाला. "खरंच. पुस्तकातून नाव काढायचं असेल तर—"

"नाव ठेवायचं, डॉक. पूर्ण नाव. खेचराचंही. आणि एप्रिलमध्ये मी येणार." ते रेखाकडे वळले. "पण ती खाणीवरची वाट मला यांच्याबरोबर चढायचीये. तुमच्याबरोबर नाही. तुम्ही फार दुरुस्त्या करता."

अनीशला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात लपवलं.

"रेखा?" गिरीश म्हणाला. "तू सांगितलंस त्यांना? तुला सगळं—"

"सगळं नाही. असुन्ताच्या दुसऱ्या नवऱ्याचं नीट कळलं नाही, तेव्हा तुम्ही दार लावून घेतलं होतंत." तिनं कार्लोंसाठी ताटात भात वाढायला घेतला. "मी एप्रिलमध्ये तीन आठवडे येईन. मेमध्ये आरोहीच्या अरंगेत्रमला परत. तुम्हीही परत. मग पुढच्या वर्षी मला सोलापूरकडे जायचंय. सासऱ्यांची वस्ती बघायला. कुणी येणार असेल तर या, नाहीतर मी आणि चारू जाऊ."

"आई, मी येतेय," चारुता म्हणाली.

ज्या वस्तीतून गिरीश सतराव्या वर्षी पळाला होता तिथं जायचं त्याची बायको ठरवून बसली होती, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

जेवणं पुन्हा सुरू झाली. आमटी गार झाली होती, ती कुणी गरम केली नाही. रेखा आणि कार्लो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शेजारी शेजारी बसले होते. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती, चढ कसा वळतो ते तळहातानं दाखवत होती. कार्लो मान हलवत होते, मध्येच विचारत होते. मग ती काहीतरी म्हणाली आणि दोघंही हसले. रेखा हसताना मागं झुकली, डोळे मिटून. गिरीशनं तिला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं, हे त्याला आठवेना. तो चांगला कान त्या बाजूला करून बसला, तरी काही ऐकू आलं नाही.

"चारू," तो शेवटी हळूच म्हणाला, "काय सांगतेय गं ती त्यांना?"

चारुतानं त्याच्याकडे पाहिलं. बाहेर राहिलेल्याचा हा चेहरा ती चांगला ओळखत होती.

"विचारा की जाऊन," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात भात वाढला.